पोटमीटर

चोर पकडला गेला की आधी कारण सांगतो. मीही सांगतो. एकोणीसशे एकाहत्तरचा उन्हाळा होता, गुलमंडीतल्या माझ्या खोलीवर पत्र्याचं छत होतं आणि टेबलफॅन लावल्याशिवाय पोरांच्या उत्तरपत्रिका तपासणं अशक्य होतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. त्यात घोड्याच्या नालेसारखं एक दणकट चुंबक होतं. ते पिशवीत घालून मी घरी आणलं आणि माझ्या वीजमीटरला चिकटवलं. आतली चकती रेंगाळायला लागली. वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेली आकृती खरी निघाल्याचा मला इतका आनंद झाला, की याला चोरी म्हणतात हे काही दिवस ध्यानातच आलं नाही.

ते ध्यानात आणून दिलं दत्तोपंत वैजापूरकरांनी.

आमची इमारत दोन मजली. खाली चार दुकानं, वर पाच बिऱ्हाडं. मालक काकासाहेब गंगापूरकडे ऊस लावून तिकडेच राहायचे. वीज मंडळाचं मोठं मीटर एकच होतं, जिन्याखाली, आणि बिलही एकच यायचं. कोणी किती वीज जाळली हे कळावं म्हणून काकासाहेबांनी त्याच्या शेजारी दुकानांची चार मीटरं बसवली होती आणि बिऱ्हाडांची पाच ज्याच्या त्याच्या दारात. जगभर त्यांना सबमीटर म्हणतात. दत्तोपंतांना तो शब्द मान्य नव्हता. भाडेकरूच्या खालच्या भाडेकरूला पोटभाडेकरू म्हणता ना, मग मीटराच्या खालचं मीटर ते पोटमीटर, असा त्यांचा हिशेब होता. नवीन भाडेकरू आला की त्याला आधी वाटायचं, इथे जेवण मोजतात की काय.

पंत वर, जिन्याच्या तोंडाशी एका खोलीत एकटे राहायचे. पत्नी वारलेली, एकुलती मुलगी अंबिका पैठणला दिलेली. निजामाच्या अमलात ते गंगापूरच्या तहसिलीत कारकून होते. शिक्षण सगळं उर्दूतून, त्यामुळे लिहिणं उर्दूत, बोलणं मराठीत आणि रागावणं दोन्हींत. मग पोलीस ॲक्शन झाली, ते राज्य गेलं, दफ्तरं बदलली आणि पंतांचं वळणदार उर्दू एका रात्रीत कुणाच्या उपयोगाचं राहिलं नाही. नोकरी कशीबशी पुरी करून ते निवृत्त झाले. सरकारी शेरवानी बोहारणीला गेली. तिचं एक पितळी बटण मात्र त्यांनी काढून ठेवलं होतं. त्या बटणाला काम मिळालं ते आमच्या इमारतीत, काकासाहेबांनी मीटरांचा हिशेब पंतांवर सोपवला तेव्हा.

प्रत्येक पोटमीटराला पंतांनी दोरा बांधून लाख लावली होती आणि लाख ओली असताना त्यावर ते बटण दाबलं होतं. लाख तुटली की नवीन लाख कोणीही लावील, पण बटण कुठून आणील? असलं बटण अख्ख्या औरंगाबादेत शोधून सापडलं नसतं. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी आठ वाजता पंत नऊही मीटरं वाचायचे. आकडे एका जाड वहीत टाकायचे, तेही उर्दूत. वर भाडेकरूंची नावं मराठीत आणि समोर ते उर्दू आकडे. कुणी म्हणालं की पंत, आम्हाला कळेल असं लिहा, तर म्हणायचे, "तुम्हाला कळू नये म्हणूनच तर लिहितो. कळलं की माणसाच्या हाताला खाज सुटते."

माझ्या हाताला ती आधीच सुटली होती. पंतांच्या चपलेच्या टाचेला लोखंडी नाल ठोकलेली होती. जिन्यात ती वाजली की मी चुंबक काढून गादीखाली सरकवायचो. दोन महिने हे सुखानं चाललं. तिसऱ्या महिन्यात मी दारात उभा राहून दाढी करत होतो आणि समोर पंत. चपला त्यांच्या हातात होत्या.

"मास्तर," ते म्हणाले, "मीटराच्या कानात काहीतरी लोंबतंय."

साबण तोंडाला तसाच. मी ठोकून दिलं की मीटर बंद पडलंय, या महिन्याला झिरो लिहून टाका. पंतांनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला, परत घातला. विद्यार्थ्यांकडे असं बघायची सवय मला होती, पण आपल्याकडे कुणी असं बघितलं की कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

"मीटर बंद पडलं म्हणून शून्य होत नाही, मास्तर. जितकं फिरलं तितकं राहतंच. बंद असेल तर मी मागचा आकडा लिहितो आणि पुढं लिहितो, बंद. शून्य लिहायला ते कधी फिरलंच नव्हतं का?"

मग त्यांनी चुंबक काढून माझ्या हातात दिलं आणि शाळेत पोचवायला सांगितलं. कुणाला एक शब्द बोलले नाहीत. शिक्षा मात्र केली. दर एक तारखेला मी त्यांच्याबरोबर फिरायचं, मीटरासमोर भिंग धरायचं आणि वहीत साक्षीदार म्हणून सही करायची. पुढची कितीतरी वर्षं मी भिंग धरत होतो. चोराला पहारा दिला तर तो इमानी होतो का हे मला माहीत नाही, पण त्याला सकाळी लवकर उठावं लागतं एवढं खरं.

तेव्हा मला पंतांच्या कारभारातली आणखी एक गंमत कळली. नऊ आकडे वहीत उतरले की पंत खाटेवर बसायचे, एक पोस्टकार्ड काढायचे आणि तेच नऊ आकडे त्याच उर्दूत त्यावर लिहायचे. वर 'चि. अंबिकेस', खाली 'आशीर्वाद'. संपलं पत्र. मी विचारलं, मुलीला मीटरं कशाला कळवता?

"नकल," पंत म्हणाले. "दफ्तर कधी एका जागी ठेवू नये. जळतं, भिजतं, उंदीर खातो, माणूस खातो. आणि कार्डावर पोस्टाचा शिक्का बसतो. तारखेची साक्ष सरकार काढून देतं. अंबिका काही फेकत नाही. लहानपणी चिंचोकेसुद्धा डब्यात जपून ठेवायची."

अंबिका दिवाळीला आली की माझ्यापाशी कुरकुर करायची. "मास्तर, लोकांचे वडील लिहितात, प्रकृती कशी आहे, पाऊस कसा आहे. आमच्या अण्णांचं पत्र म्हणजे नऊ आकडे. तेही उर्दूत. मी वाचू काय कपाळ?" तरी ती ती कार्डं तारेत ओवून ठेवत होती. चिंचोक्यांची सवय.

आता द्वारकाबाईंचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. त्यांचं खाली चार नंबरच्या दुकानात मिरची-मसाल्याचं कांडप होतं. नवरा रामकिसन गंगापूरजवळच्या गावी शेती बघायचा आणि बाई इथे मशीन चालवायच्या. मशीनच्या मागे पडदा, पडद्यामागे चूल आणि दोन मुली, दोघी शाळेत. म्हणजे दुकान आणि घर एकच. ब्याडगी मिरची पडली की पहिल्या मजल्यापर्यंत नऊही बिऱ्हाडं-दुकानं एका तालात शिंकायची. पंत त्यांचं मीटर वाचायला जाताना नाकाला उपरणं गुंडाळून जायचे, अगदी दरोडेखोर दिसायचे.

द्वारकाबाईंना एकट्यांनाच पंतांचा शब्द पटला होता. म्हणायच्या, "नाव बराबर ठिवलंत, पंत. माझं पोट ह्या मीटरावरच हाय. ह्ये फिरलं तर आमी जेवतो."

त्या पोटावर पाय द्यायला निघाला तो बद्रीनाथ. हा काकासाहेबांचा भाचा. पडेगावकडे राहायचा, स्कूटरवरून यायचा, केसांना इतकं तेल लावायचा की दोन शिंकांच्या मधल्या वेळेतही त्याचा वास यायचा. त्याला कापडाचं दुकान टाकायचं होतं आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर आमचं चार नंबर त्याच्या डोळ्यांत भरलं होतं. आधी त्यानं गोडीनं मागितलं. द्वारकाबाईंनी भाडेचिठ्ठी दाखवली. मग त्यानं ती भाडेचिठ्ठी शांतपणे वाचली, आणि तिच्यात त्याला एक कलम सापडलं. मीटरशी छेडछाड करणाऱ्यानं महिन्याच्या आत जागा खाली करावी. हे कलम काकासाहेबांनीच घातलेलं होतं, आणि काकासाहेब कलमाच्या बाबतीत कुणाचेच मामा नव्हते.

त्र्याहत्तरच्या सप्टेंबरच्या मध्यावर बद्रीनाथ पंतांच्या खोलीत आला. मी तिथेच होतो.

"पंत, तुमच्या वहीचा पुठ्ठा पार गेला की. माझ्या वळखीचा बायंडर हाय. चांगली कापडी बांधून आणतो."

मी पंतांच्या मागे उभा राहून मान हलवत होतो, डोळे मोठे करत होतो. पंतांनी वही उचलली, फडक्यात गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. वर म्हणाले, "लाल कापड असेल तर बघा."

तो गेल्यावर मी भडकलो. मला खरोखर राग आला होता. लाख लावता, बटण दाबता, चपला हातात घेऊन माझ्यासारख्या गरिबावर पाळत ठेवता आणि अख्खी वही उचलून त्या तेलकट माणसाला देता?

"नाही म्हटलं असतं तर मी बाजारात गेल्यावर त्यानं कडी तोडली असती," पंत म्हणाले. "कडी माझी आहे, मास्तर."

पाचव्या दिवशी वही लाल कापडात परत आली. पंतांनी पानं चाळली. ऑगस्टच्या पानावर थांबले, ते पान उजेडाकडे धरलं, नाकाजवळ नेलं आणि एकदम लहान पोरासारखे हसले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, बायंडिंग छान झालंय. मग पोस्टकार्ड काढून त्यांनी अंबिकेला चार ओळी लिहिल्या. पहिल्यांदाच मराठीत, आणि पहिल्यांदाच एक तारीख सोडून.

दोन दिवसांनी बद्रीनाथनं इमारतभर सांगितलं की द्वारकाबाई मीटर उलटं फिरवतात, वहीतच पुरावा आहे, आणि रविवारी मामा येऊन निकाल देणार. द्वारकाबाई त्या दिवसापासून हसायच्या थांबल्या. धाकटी मुलगी मला जिन्यात भेटली आणि विचारलं, गुरुजी, शाळा बदलावी लागली तर दाखला लगेच मिळतो का? मी तिला काहीतरी खोटं सांगून वर आलो आणि पंतांवर परत चिडलो. ते लाख वितळवत बसले होते.

रविवारी सकाळी अंबिका पैठणच्या एस.टी.नं आली ती धापा टाकत. "एक तारीख नाही अन् कार्ड आलं. मला वाटलं, अण्णाच गेले."

"मी गेलो असतो तर कार्ड कोणी लिहिलं असतं?" पंत म्हणाले. "कार्डांची तार आणलीस ना?"

काकासाहेब दहाच्या सुमाराला आले. जिन्याखाली मीटरांसमोर बाकडं टाकलं. सगळे भाडेकरू जमले. द्वारकाबाई आपल्या दुकानाच्या उंबऱ्यात उभ्या, मागे दोन्ही मुली. त्यांच्या डोक्यावर चौकटीत जुन्या अमलातला नंबर कोरलेला होता, उर्दूतला चार. खालच्या चारही दुकानांवर तसे एक ते चार आकडे होते. तेवढीच आमच्या इमारतीतली सार्वजनिक उर्दू शाळा.

बद्रीनाथनं वही उघडून मामांपुढे धरली.

"हे बघा. ऑगस्टच्या एक तारखेला चार नंबरचं रीडिंग चार हजार. त्याच्याखाली सप्टेंबरच्या एक तारखेला तीन हजार एकशे वीसच्या पुढं, शेवटच्या आकड्यावर शाई सांडलीय. ह्ये तर आजबी मीटरावर जवळपास दिसतंय. चार हजारावरनं खाली आलं कसं? उलटं फिरवलं म्हणून. अन् ह्ये मी नाय म्हणत, पंतांची वही म्हणती."

काकासाहेबांनी द्वारकाबाईंकडे बघितलं. "काय म्हणता, बाई?"

"म्या काय म्हनू? मला सुलटं फिरवाया दिवस पुरत नाय, उलटं कवा फिरवू?" त्यांनी पदराला हात पुसले. "पर वहीत लिवलंय म्हनतेत, तर म्या खोटी कशी पडू नये ते तुमीच सांगा."

वही पंतांची होती आणि पंत चष्मा पुसत होते. मला तर वाटलं, म्हाताऱ्यानं बाईंचा बळी दिला.

मग पंत बाकड्याच्या कडेला बसले. "बद्रीशेठ, तुम्हाला उर्दू वाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं. किती म्हणालात आकडा?"

"चार हजार."

"नक्की?"

"चारावर तीन शून्यं. आंधळ्यालाबी दिसंल."

"काकासाहेब, माझा एक अर्ज आहे. मी वाचलं तर बद्रीशेठ म्हणतील, पंत बाईंच्या बाजूचे. तिऱ्हाइताकडून वाचून घेऊ."

समोरच्या दुकानातून वाजिदमियाँ दर्जीला बोलावलं. गळ्यात टेप, कानावर खडू. त्यांनी चष्मा खाली ओढून पंतांच्या बोटाखालची ओळ बघितली.

"चार हजार पाँच सौ पचपन."

बद्रीनाथ हसला. "मियाँ, नीट बघा. चार हजार हाय ते. पुढं झिरो हैं तीनों."

"झिरो किधर है, भई? झिरो तो नुक्ता होता, टिंब. ये तो तीनों पाँच हैं, गोल-गोल." वाजिदमियाँनी बोट खालच्या ओळीवर नेलं. "ये देखो. तीन, एक, दो, और ये नुक्ता. तीन हजार एक सौ बीस. ये झिरो है."

बद्रीनाथ वहीवर वाकला. खालच्या ओळीतलं ते टिंब त्याला शाईचा डाग वाटलं होतं. चार त्यानं द्वारकाबाईंच्याच चौकटीवरून शिकून घेतला होता. पाच कसा असतो ते आमच्या इमारतीत कुठेच कोरलेलं नव्हतं. आणि शून्य काय, कुणाला विचारायचं? शून्य तर गोलच असतं.

"काकासाहेब," पंत म्हणाले, "मी जन्मभर शून्याला टिंब देत आलो. तहसिलीत दिलं, इथंही दिलं. सगळी वही चाळून बघा, एक गोल शून्य सापडलं तर मी आजच जागा सोडतो. हे शून्य माझं नाही. हे शून्य पोलीस ॲक्शननंतर शाळेत गेलेलं आहे."

आधी वाजिदमियाँ हसले. मग वरच्या मजल्यावरून कुणीतरी, मग मी, मग सगळी इमारत. काकासाहेबांची मिशी हलली, पण ते कलमाचे माणूस. त्यांनी पान उजेडाकडे धरलं. त्या ओळीवर कागद ब्लेडनं खरवडून पातळ झालेला होता, पलीकडचं ऊन दिसत होतं.

"खरडलंय खरं," ते म्हणाले.

बद्रीनाथच्या कपाळावरून तेल ओघळत होतं, पण तो सहजासहजी सोडणारा नव्हता. "पंतांनीच खरडलं असंल, मामा. म्हाताऱ्या माणसाचा हात चुकतो. अन् बाईच्या घरचा मसाला त्यांच्या डब्यात असतोय, ह्ये विचारा की."

हे खरं होतं. मसाला माझ्याही डब्यात असायचा. काकासाहेबांनी वही मिटली. "कुणी खरडलं ते वही सांगत नाही, पंत. मला एवढंच सांगा, खरवडायच्या आधी तिथं काय होतं? तो आकडा नसला तर मी बाईंना सोडलं तरी उद्या लोक म्हणतील, मालकानं डोळे झाकले. आणि तो आकडा आता गेला." साक्षीदार म्हणून सही माझी होती, पण नऊ मीटरांतला एक आकडा दोन महिन्यांनी मला कसा आठवणार?

द्वारकाबाईंनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला दिसत होता, मिरचीनं लाल झालेला.

"गेला कुठं," पंत म्हणाले, "पैठणला गेला. अंबिके, ती तार दे."

अंबिकेनं पिशवीतून तार काढली. चार-पाच वर्षांची कार्डं, एकावर एक ओवलेली, खालची पिवळी पडलेली. ऑगस्टचं कार्ड वरून तिसरं निघालं. पोस्टाचा काळा शिक्का ठसठशीत, तारीख एक ऑगस्ट. काकासाहेबांनी ती दोनदा वाचली आणि कार्ड वाजिदमियाँच्या हातात दिलं.

"चार नंबर," वाजिदमियाँ म्हणाले. "दो हजार आठ सौ चौरानवे."

मी तिथल्या तिथे वजाबाकी केली. महिन्याला दोनशे सव्वीस. जुलैचं कार्ड काढलं, जूनचं काढलं, दर महिन्याला तेवढंच, दहा-पंधरानं इकडे-तिकडे. बाईंचं मीटर सरळ चाललं होतं, बैलासारखं.

काकासाहेब उठले. "बद्री, पुठ्ठा चांगला बांधलास. आता दुकानही दुसरीकडं बांध." मग द्वारकाबाईंकडे वळून म्हणाले, "जागा तुमची. आळ घेतला ते चुकलं, बाई." बाईंनी पदर तोंडाला लावला. रडत होत्या की शिंक दाबत होत्या ते कळलं नाही. मी मात्र रडलो, ते मी लपवणार नाही. बद्रीनाथ स्कूटरला लाथा मारत होता आणि ती चालू होत नव्हती.

निघता निघता काकासाहेब म्हणाले, "पंत, तुमचं वय झालं. हे काम पुढं कुणाला द्यायचं ते ठरवा."

"ठरलंय. द्वारकाबाईंना."

"त्यांच्यावर तर आत्ता आळ आला होता."

"म्हणूनच. ज्याच्यावर आळ आला त्यालाच आकड्याची किंमत कळते."

"मला कुठं उर्दू येतंय, पंत?" बाई म्हणाल्या.

"शून्यापासून सुरू करू. तेवढं तर आज सगळ्यांनाच आलं."

दुपारी अंबिका वडिलांना जेवायला वाढत होती, मी दारात बसलो होतो. ती सहज म्हणाली, "अण्णा, ते आकडे मला कधीच कळले नाहीत. पण दर महिन्याच्या तीन-चार तारखेला कार्ड आलं की एवढं कळायचं, अण्णा एक तारखेला उठले, जिना उतरले, चार माणसांशी भांडले. मग मला महिनाभर घोर नसायचा." पंतांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. इतकी वर्षं त्यांनी जी नकल पाठवली, तिच्यात आणखी एक आकडा जात होता, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या कार्डावर नऊ ओळींखाली दहावी ओळ आली. मराठीत. 'दत्तोपंत : चालू.'

तिथून पुढे प्रत्येक कार्डावर ती ओळ असायची. द्वारकाबाई वर्षभरात सगळे आकडे लिहायला शिकल्या. पंत खाटेवरून तपासायचे आणि बाईंचा सात जरा वाकडा आला तरी पुन्हा लिहायला लावायचे. बाई म्हणायच्या, "मिरची कांडनं लई सोपं, पंत." माझी बढती झाली नाही. मी भिंगावरच राहिलो.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत पंत गेले, वयाची एकाहत्तर वर्षं पुरी करून. दोन दिवसांचा ताप, फार त्रास नाही. अंबिका आली, तेरावं करून पैठणला परत गेली. जाताना कार्डांची तार आणि ते पितळी बटण द्वारकाबाईंच्या हवाली करून गेली.

एक फेब्रुवारीला सकाळी आठ वाजता बाईंनी मला हाक मारली. आम्ही नऊ मीटरं वाचली. पंतांच्या खोलीच्या मीटरची चकती थांबलेली होती. बाईंनी मागचाच आकडा लिहिला आणि पुढे, बंद. मग त्यांनी पोस्टकार्ड काढलं. त्या ते पाठवतील असं मला वाटलं नव्हतं. नऊ ओळी उतरवल्या आणि दहाव्या ओळीपाशी हात थांबला. 'दत्तोपंत :' एवढं लिहून त्या कार्डाकडे बघत राहिल्या.

मला वाटलं, बाईंना सुचत नाही. मी हळूच म्हणालो, "टिंब द्या."

"कामून?" बाई एकदम माझ्यावर उखडल्या. "मास्तर, तुमी शिकलेले ना? बंद पडलं म्हनून कुनी झिरो करतंय व्हय? जितकं फिरलं तितकं ऱ्हातंच की."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, तोंडाला साबण लावून, मीटरला चोरीचं चुंबक चिकटलेलं असताना. बाईंना ते पंतांनी कधी शिकवलं कोण जाणे.

बाईंनी ओळ पुरी केली. 'दत्तोपंत : ७१. बंद.' त्या कार्डावर तेवढा एकच आकडा त्यांनी मराठीत काढला, अंबिकेला वाचता यावा म्हणून. मग कार्ड माझ्या हातात दिलं, आणि दहाची डाक निघायच्या आत मी ते पेटीत टाकून आलो.